प्वेब्लो मातीची भांडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीतल्या आमच्या घरी दिवाणखान्यात ॲकोमा या प्वेब्लो गावचं एक पांढरं भांडं आहे. त्याच्याकडे बघून पाहुणे प्रश्न विचारायला लागतात. ॲरिझोना-टेक्सासमधले मराठी मित्र विकत घेण्याआधी फोटो पाठवून विचारतात, पुण्या-मुंबईहून सांता फे बघायला निघालेली मंडळी निघण्याच्या आदल्या रात्री विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अवघड.

१. प्वेब्लो म्हणजे नक्की कोण? ही एकच जमात आहे का?

नाही. 'प्वेब्लो' हा स्पॅनिश शब्द, त्याचा अर्थ गाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक इथे आले तेव्हा त्यांना माती-दगडाच्या मजली घरांची नांदती गावं दिसली, आणि गावाचं नाव माणसांनाही चिकटलं. आज न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो आहेत आणि शेजारच्या ॲरिझोनात होपी लोकांची गावं. प्रत्येकाचं स्वतंत्र शासन आहे. भाषाही एक नाही: केरेस, तेवा, तिवा, तोवा, झुनी, होपी. त्यामुळे 'प्वेब्लो भांडं' म्हणणं हे नुसतं 'साडी' म्हणण्यासारखं आहे. पैठणी की इरकल, हे पुढे विचारावंच लागतं. गावागावातला फरक प्रश्न ५ मध्ये आहे.

२. ही भांडी चाकावर करत नाहीत असं ऐकलं. मग इतकी गोल कशी होतात?

खरं आहे, परंपरेने चाक नाहीच. माती घरच्यांनी ठरलेल्या जागेवरून स्वतः खणून आणायची, आणि ती घेण्याआधी प्रार्थना करायची. बऱ्याच कुंभारणी मातीला आई म्हणतात. मग भिजवणं, चाळणं, आणि त्यात मिसळण घालून तुडवणं. मिसळण नसेल तर भांडं भाजताना तडकतं. सान इल्देफोन्सो आणि सांता क्लारा या गावांत ज्वालामुखीची राख घालतात, झियात काळ्या दगडाची पूड, ॲकोमात जुन्या फुटक्या भांड्यांच्या खापरांचा चुरा.

पुढचं काम दोन हातांचं. 'पुकी' नावाच्या उथळ थाळीत तळ थापायचा, त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक चढवत जायच्या, बोटांनी सांधायच्या आणि सुकलेल्या भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. पुकी हाताने थोडी थोडी फिरवतात, बाकी गोलाई डोळ्याची. भांडं सुकलं की घासायचं, वर पातळ मातीचा लेप द्यायचा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचं. हे गोटे आईकडून लेकीकडे येतात. सांता क्लाराच्या एका बाईंनी त्यांच्या पणजीचा गोटा माझ्या तळहातावर ठेवला होता. लिंबाएवढा, एका बाजूने झिजून सपाट झालेला, आणि त्या बाजूला अंगठा आपोआप जाऊन बसत होता.

३. नक्षीचे रंग कुठले? दुकानातले ॲक्रिलिक असतात का?

पारंपरिक भांड्यावर रंग म्हणजे माती आणि झाडपाला. पांढरा हा पांढऱ्या मातीचा लेप, तांबडा-नारिंगी लोहयुक्त मातीचा, म्हणजे आपल्या गेरूच्याच घरातला. काळ्यासाठी 'ग्वाको' लागतो. आपल्याकडच्या तिळवणीच्या कुळातलं हे रानझाड वसंतात तोडतात, तासन्‌तास उकळून काकवीसारखं दाट करतात आणि वड्या करून ठेवतात. रंगवायच्या वेळी वडी पाण्यात उगाळायची. ॲकोमात हाच ग्वाको लोहाच्या दगडाच्या पुडीत रंग धरून ठेवायला घालतात.

कुंचला युक्का या वाळवंटी झाडाच्या पात्याचा. पात्याचं टोक चावून चावून तंतू मोकळे करायचे, मग हवे तेवढेच ठेवायचे. वारलीची बांबूची काडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. ॲकोमाच्या ल्युसी लुईस आणि मरी चिनो यांनी या असल्या कुंचल्याने केसाएवढ्या रेघांनी आख्खी भांडी भरली. पट्टी नाही, पेन्सिल नाही. भांड्याचे भाग नजरेने पाडायचे आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेला बरोबर येऊन मिळाली पाहिजे. मी एका कुंभारणीला हे करताना पाहिलं. रेघ सुरू झाली की त्या श्वास धरायच्या आणि रेघ संपली की सोडायच्या. तासाभरात वीतभर जागाही भरली नव्हती.

दुकानी रंग वापरल्याचीही उदाहरणं आहेत. विसाव्या शतकात पर्यटकांसाठी हेमेस आणि तेसुके गावांत भाजून झालेल्या मातीवर पोस्टर रंग चढवलेल्या वस्तू खूप झाल्या. त्याही प्वेब्लो माणसांनीच केलेल्या आहेत, पण तो रंग भाजलेला नसल्याने ओल्या बोटालाही निघून येतो.

४. चकचकीत काळी भांडी काळ्या रंगाने रंगवतात का?

नाही, तो काळा धुरातून येतो. घोटलेलं तांबडं भांडं उघड्या आव्यात रचतात, भोवती लाकूड आणि शेण्या. जाळ भरात असताना वरून बारीक केलेल्या कोरड्या शेणखताने सगळं दडपून टाकतात. हवा बंद होते, धूर कोंडतो, मातीतल्या लोहाचं रूप बदलतं आणि धुरातला कार्बन भांड्यात मुरतो. दडपलं नसतं तर तेच भांडं तांबडं निघालं असतं.

काळ्यावर काळी नक्षी ही सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) आणि त्यांचे पती जूलियन यांनी सुमारे १९१९ मध्ये बसवलेली पद्धत. मारियांनी घडवायचं आणि घोटायचं, जूलियननी घोटलेल्या अंगावर पातळ मातीने नक्षी काढायची. भाजल्यावर घोटलेला भाग आरशासारखा चमकतो आणि नक्षी मंद राहते. दोन्ही काळेच, फरक फक्त उजेड परतवण्याचा. म्हणून हे भांडं घेताना खिडकीपाशी नेऊन तिरकं धरून बघा. ट्यूबलाइटखाली त्याचं अर्धं सौंदर्य दिसतच नाही.

५. कोणतं भांडं कोणत्या गावचं, हे कसं ओळखायचं?

ढोबळ खुणा सांगते. ॲकोमा: पांढरा लेप, वजनाला हलकं, पातळ भिंत, काळ्या रेघा आणि नारिंगी. झुनी: हरीण, ज्याच्या तोंडापासून हृदयापर्यंत एक तांबडी रेघ जाते. झिया: पक्षी. सांता क्लारा: जाड, खोल कोरलेली काळी किंवा तांबडी भांडी, आणि गळ्यापाशी दाबून काढलेला अस्वलाचा पंजा. मार्गारेट टफोया (१९०४–२००१) यांचे रांजणाएवढे काळे घडे या गावचे. टाओस आणि पिकुरीस: नक्षी जवळपास नाहीच, पण मातीतल्या अभ्रकाने भांडं सोन्यासारखं झळकतं.

कोचितीची खूण म्हणजे गोष्ट सांगणारी बाहुली. हेलन कोर्देरो यांनी १९६४ मध्ये पहिली केली. अंगाखांद्यावर नातवंडं, डोळे मिटलेले, तोंड उघडं. ती त्यांनी आपल्या आजोबांवरून, सांतियागो किंताना यांच्यावरून घडवली होती. आता अनेक गावांत या बाहुल्या होतात.

होपी भांडी पिवळसर-मधाळ रंगाची, त्यावर जाळाने उमटलेली नारिंगी झाक. इथे नांपेयो यांचं नाव घ्यायलाच हवं. हानो गावच्या या कुंभारणीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिक्यात्की या उजाड झालेल्या जुन्या गावाच्या खापरांवरचे आकार आणि नक्षी अभ्यासून नव्याने जिवंत केली. पुढे दृष्टी गेली तरी त्या हाताच्या स्पर्शाने भांडी घडवत राहिल्या, आणि घरच्यांनी ती रंगवली.

या खुणांवर डोळे मिटून विसंबू नका. लग्न होऊन बाई दुसऱ्या गावी जाते, लेक वेगळी वाट धरते. विचारणं सगळ्यात चांगलं.

६. 'हॅन्ड-पेंटेड' असं लिहिलेलं सुंदर भांडं चाळीस डॉलरला मिळतंय. घेऊ का?

हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि मेख त्या शब्दातच आहे. 'हॅन्ड-पेंटेड' म्हणजे फक्त रंगवलं हाताने. भांडं साच्यात द्रव माती ओतून कारखान्यात झालेलं असू शकतं. अशी कोरी पांढरी भांडी विकत आणून त्यांवर नक्षी काढून विकली जातात, आणि रंगवणारा माणूस खरोखर प्वेब्लो असू शकतो. हातच्या वळ्यांच्या भांड्याला 'हॅन्ड-कॉइल्ड' म्हणतात. विक्रेत्याला सरळ विचारा: घडवलं कोणी, माती कुठली, भाजलं कसं? खरं काम करणारी माणसं या प्रश्नांनी सुखावतात.

स्वतः तपासायचं तर मोबाइलचा टॉर्च आत मारा. हातच्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर हलके चढउतार दिसतात, कधी बोटांचे माग. साच्यातलं आतून प्लास्टिकच्या डब्यासारखं एकसारखं असतं, कधी सांध्याची बारीक उभी रेघही सापडते. शेजारी तंतोतंत त्याच मापाचं दुसरं भांडं असेल तर समजून जा. आणि परवानगी घेऊन वाजवून बघा, आपण मडकं वाजवून घेतो तसंच. हातच्या पातळ ॲकोमाला घंटेसारखा नाद असतो. पण बद्द वाजलं की ते खोटंच असं नाही, कारण तडा गेलेलं खरं भांडंही बद्दच वाजतं (प्रश्न १६).

चाळीस डॉलरचं साच्यातलं भांडं आवडलं तर जरूर घ्या. ते हातचं आहे असं सांगून कोणी दिलं तर मात्र ती फसवणूक आहे, आणि त्या पैशावर पाणी सोडावं लागतं ते हाताने घडवणाऱ्या बाईला.

७. हाताने घडवलं, पण विजेच्या भट्टीत भाजलं. मग ते अस्सल नाही का?

अस्सल आहे, पण पूर्ण पारंपरिक नाही. ॲकोमात आज बरेच जण विजेची भट्टी वापरतात. उघड्या आव्यात वारा फिरला तर महिन्याभराची मेहनत एका क्षणात तडकते, आणि त्या बाईचं घर त्यावर चालत असतं, हे विसरू नका. उघड्या जाळात भाजलेल्या भांड्यावर कधी धुराचे ढग उमटतात. मला ते आवडतात. त्यासाठी जास्त पैसे द्यायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त विक्रेत्याने ते आधी सांगायला हवं.

८. तळाशी सही नाही. म्हणजे नकली?

जुन्या भांड्यांवर सही नसणंच स्वाभाविक आहे. १८८० मध्ये रेल्वे आली, पर्यटक आले आणि भांडं घरातल्या पाण्याधान्याची वस्तू न राहता विकायची वस्तू झालं. सही करायची पद्धत १९२० च्या दशकात रुजायला लागली, तीही गिऱ्हाइकांच्या मागणीने. नांपेयो यांची भांडी बहुतेक बिनसहीचीच असतात.

९. सही आहे, 'मरी' अशी. पण कुंभारणीचं नाव तर मारिया होतं ना?

मारिया मार्टिनेझ यांच्या सह्या काळाप्रमाणे बदलल्या. सुरुवातीला 'मरी', मग पतीसह 'मरी आणि जूलियन'. जूलियन १९४३ मध्ये वारले, त्यानंतर सुनेसह 'मरी आणि सांताना'. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुलासह 'मारिया आणि पोपोवी'. बिननक्षीच्या घोटीव भांड्यांवर 'मारिया पोवेका'. त्यामुळे सही आणि सांगितलेला काळ जुळतो का, हे आधी पाहा.

गुंता पुढे आहे. मारियांनी गावातल्या इतर बायकांच्या भांड्यांवरही आपली सही करून दिली, कारण सही असली की भांडं चांगल्या किमतीला जायचं. बाजाराच्या नजरेतून हा घोटाळा वाटेल. मला त्यात एका बाईने आपल्या नावातला वाटा शेजारणींना दिलेला दिसतो. खोट्या सह्याही फिरतात, म्हणून हजारो डॉलरचं भांडं असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

१०. नक्षीचा अर्थ काय असतो?

पुष्कळदा पाऊस. कोरड्या मुलखातली ही शेतकरी माणसं आहेत. पायऱ्यांसारखे आकार म्हणजे ढग, बारीक रेघा म्हणजे पावसाच्या धारा. सांता क्लारा आणि सान इल्देफोन्सोच्या भांड्यांना वेढा घालणारा शिंगाचा साप म्हणजे आवान्यू, पाण्याचा नाग, कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढा येतो तसा वळत जाणारा. काही जुन्या भांड्यांवर काठाची रेघ एका जागी मुद्दाम तुटलेली सोडतात, तो दोष नाही.

यापलीकडे कुंभारीण काही सांगत नसेल तर खोदून विचारू नका. बऱ्याच गोष्टी गावापुरत्या असतात.

११. विकत कुठे घ्यावं? घासाघीस करावी का?

शक्यतो बनवणाऱ्याच्या हातून. सांता फेमध्ये ऑगस्टमध्ये इंडियन मार्केट भरतं, १९२२ पासूनची परंपरा आहे. वर्षभर पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत मूळनिवासी कारागीर चादरी अंथरून बसतात. अल्बुकर्कीचं इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटर नवख्यांसाठी उत्तम, कारण तिथे सगळ्या गावांचं काम एका ठिकाणी बघून डोळा तयार होतो. ॲकोमाच्या पठारावर मार्गदर्शकाबरोबर फिरताना वाटेत कुंभारणींची टेबलं लागतात. फोटो काढायचे नियम गावागावाचे आहेत, आधी विचारा.

घासाघीस करू नका. आपली सवय मला माहीत आहे, पण इथे समोर बसलेली बाई व्यापारी नाही, तीच कारागीर आहे. दोन भांडी घेत असाल तर नम्रपणे विचारायला हरकत नाही. घेतलेल्या भांड्याबरोबर तिचं नाव, गाव आणि तारीख लिहून घ्या.

१२. कायद्याचं काही संरक्षण आहे का?

आहे. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याने मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यात व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचा मुख्य भर 'कोणी केलं' यावर आहे. 'कसं केलं' हे तुम्हालाच विचारावं लागतं (प्रश्न ६).

१३. फुलं ठेवली तर चालतील? पुसायचं कसं?

पाणी अजिबात नको. ही भांडी कमी आचेवर भाजलेली, बिनझिलईची असतात. पाणी झिरपतं, लेप सुटतो, घोटाईवर कायमचे डाग पडतात. सुरुवातीच्या काळात मी एका काळ्या वाटीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली होती. तो मंद पट्टा अजून तसाच आहे, आणि घोटणारीची आठवडाभराची मेहनत मी मिनिटात घालवली याचं मला आजही वाईट वाटतं. मऊ कोरडा ब्रश पुरे. तेल, पॉलिश, मेण काही नको. उचलताना अंगठ्या काढा, काठाला न धरता दोन्ही हात तळाखाली घाला.

१४. मग यात स्वयंपाक करतात असं का म्हणतात?

हा अपवाद टाओस-पिकुरीसच्या अभ्रकी मातीचा. ती भांडी थेट विस्तवावर चालतात आणि त्यात शिजवलेल्या घेवड्याची चव वेगळीच लागते. मात्र भांडं स्वयंपाकासाठीच केलंय ना, हे विचारून घ्या आणि कुंभारीण सांगेल तसं आधी मुरवून घ्या. नक्षीच्या बाकी कुठल्याही भांड्यात अन्न ठेवू नका.

१५. भारतात नेता येईल? आणि शंभर वर्षांपूर्वीचं, उत्खननातलं भांडं स्वस्तात मिळतंय, ते?

कारागिराने विकण्यासाठी केलेलं भांडं पावतीसह नेता येतं. विमानात हातातच ठेवा, आत मऊ कपडे भरा, सामानात टाकू नका. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीला न लावता कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने मातीतले क्षार वर येतात आणि लेपाचे पापुद्रे सुटतात.

जमिनीतून निघालेल्या भांड्यापासून लांब राहा. सरकारी किंवा जमातीच्या जमिनीतून विनापरवाना काढलेल्या वस्तूंचा व्यवहार १९७९ पासून संघीय गुन्हा आहे, आणि २०२२ च्या कायद्याने अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावरही बंदी आली. तळाला भोक पाडलेले मिंब्रेस वाडगे (हजारेक वर्षांपूर्वी दक्षिण न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या लोकांचे) पुष्कळदा पुरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवलेले असत. असं भांडं कोणाच्या तरी कबरीतून उचललेलं असतं. माता ओर्तिझची भांडी मात्र वेगळी. ती मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातल्या एका गावची, हुआन केसादा यांनी जुन्या खापरांवरून स्वतः शोधून काढलेल्या कलेची. अप्रतिम असतात, कायदेशीर असतात, पण प्वेब्लो नव्हेत. तसं सांगून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

१६. भांड्याला तडा गेला किंवा फुटलं तर?

फेव्हिक्विक लावू नका, ते पुढे निघत नाही. सगळे तुकडे, चुरासुद्धा, मऊ कागदात गुंडाळा आणि मोलाचं भांडं असेल तर मातीची भांडी दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. दुरुस्ती झाली असेल तर विकताना सांगायलाच हवी. ॲकोमाच्या पांढऱ्या अंगावर टिकलीएवढे टवके आपोआप उडाले असतील तर ते मातीतल्या चुन्याच्या कणांमुळे, तुमच्या हातून काही झालेलं नाही.

आमच्याकडचं ॲकोमाचं दुसरं, लहान भांडं फडताळावरून पडून चक्काचूर झालं. मी तुकडे डब्यात भरून वर्षभर ठेवले, मग पुढच्या खेपेला ज्यांच्याकडून घेतलं होतं त्या आजींना दाखवायला घेऊन गेले. दुरुस्त होईल का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी एक खापर बोटांत धरून त्याची कड निरखली, भाजणी चांगली झाली होती म्हणाल्या, आणि डबा आत नेऊन पाट्याशेजारच्या परातीत रिकामा केला. परातीत आधीच बरीच खापरं होती. पुढच्या मातीत दळून घालायची.